रक्षाविसर्जन कवा हाय?

आमच्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत कुणी गेलं की पुढचं सगळं आपोआप हलायला लागतं. चौकातल्या फळ्यावर खडूनं नाव लिहिलं जातं, मंडळाची पोरं तिरडीचं सामान आणायला पळतात, शेजारून पिठलं-भाकरी येते, कारण त्या घरात चूल पेटणार नसते. पंचगंगेच्या स्मशानात महापालिका पैसे घेत नाही. जाळायला शेणी, म्हणजे गोवऱ्या, तिथं असतात, त्यातल्या कितीतरी लोकांनी दान केलेल्या. होळीला गल्लोगल्लीची मंडळं आपली होळी लहान करतात आणि शेणी स्मशानात पोचवून येतात. मग तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन. पांढऱ्या टोप्या घालून माणसं येतात, घाटावर उभी राहतात, हात जोडतात आणि आपापल्या कामाला लागतात. ज्याच्या घरचं गेलं त्याला या तीन दिवसांत काहीही ठरवावं लागत नाही. रडणाऱ्याच्या हाताला काम मिळतं आणि पायांना वाट.

तांबू गेला तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

तांबू आमचा कुत्रा. वडणग्याला पुलापलीकडं आमचं थोडं रान आहे. उसाचा खोडवा मोडून रान मोकळं झालं की पट्टणकोडोलीकडचे एक धनगरमामा तिथं मेंढरं बसवतात. लेंडीखत रानाला मिळतं, त्यांना धान्य आणि पैसे. 2017 च्या थंडीत त्यांच्या कुत्रीला पिल्लं झाली होती, त्यातलं एक सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या पायात घुटमळत राहिलं आणि मामांनी ते उचलून त्यांच्या हातात दिलं. आई गावठी, बाप कारवानी. उंच पाय, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं आणि रंग तापलेल्या मातीचा. कर्नाटकात याच जातीला मुधोळ म्हणतात. 2005 मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. आबांनी ते तिकीट कुठून तरी मिळवून देव्हाऱ्याशेजारच्या कपाटाच्या काचेला आतून चिकटवलं होतं. पाहुणे आले की आधी तिकीट दाखवायचे आणि मग तांबूला हाक मारायचे.

मी इचलकरंजीची. 2018 ला लग्न होऊन या घरात आले. सत्यनारायणाची पूजा झाली, पाहुणे पांगले आणि मी हिरवा चुडा घातलेले हात मांडीवर ठेवून माडीवर एकटीच बसले होते. खाली सगळ्यांची बोलणी चालली होती, त्यात माझ्या ओळखीचं एकही नाव नव्हतं. तेवढ्यात जिन्यावर नखं वाजली. तांबूला माडीवर यायची मनाई होती, हे मला नंतर कळलं. तो आला, खोलीत एक चक्कर मारली, माझ्या साडीच्या निऱ्या हुंगल्या आणि हनुवटी माझ्या पावलावर टेकवून डोळे मिटले. त्या घरात मला काहीही न विचारता जवळ येऊन बसणारा तो पहिला. मी त्याच्या कपाळावर बोट ठेवलं. दोन डोळ्यांच्या मधे तिथं केसांचा एक भोवरा होता, बोटाच्या पेराएवढा. पुढची सगळी वर्षं माझं बोट तिथंच जायचं.

आजेसासूबाईंचं मात्र वेगळं होतं. कुत्रं उंबऱ्याच्या आत नको, यावर आज्जी ठाम होत्या. मग 2019 चा ऑगस्ट आला. राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फूट ही पंचगंगेची धोक्याची पातळी, आणि नदी 55 फुटांच्या वर गेली. आमच्या गल्लीत बोट आली. बोटीतला पोरगा म्हणाला, आधी माणसं घेतो, जनावराचं नंतर बघू. त्याचंही बरोबरच होतं, पलीकडच्या घरात बाळंतीण होती. आज्जी जिन्याच्या कोरड्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तो न्हाई तर मी बी न्हाई. जावा तुम्ही." शेवटी तांबू बोटीत आला. आज्जींनी त्याचा कान मुठीत धरला आणि कोरडा रस्ता लागेपर्यंत सोडला नाही. तो थरथरत होता आणि आज्जी त्याला सारख्या म्हणत होत्या, "काय न्हाई, काय न्हाई." पूर ओसरला, घरातला चिखल काढला, भिंती धुतल्या, पण उंबऱ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. देव्हाऱ्यात नरसोबाच्या वाडीहून आणलेली दत्ताची तसबीर आहे. पायाशी चार कुत्री, चार वेद म्हणतात त्यांना. आज्जी कुणालाही सांगायच्या, "देवाच्या पायाशी चार बसत्यात, माझ्या पायाशी एक बसला." 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, तेव्हा तांबू आमच्या आधी बोटीत जाऊन बसला होता.

त्या रात्रीचं लिहायचं म्हणजे हात अडतो. पण दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते. संध्याकाळी तो नेहमीसारखा जेवला, आबांबरोबर घाटापर्यंत जाऊन आला. रात्री साडेअकराच्या सुमाराला उठून फेऱ्या मारायला लागला. बसायचा, लगेच उठायचा. ओकायला वाकायचा आणि नुसता फेस यायचा. पुन्हा वाकायचा, पुन्हा फेस. नवऱ्यानं पोटाला हात लावला तर पोट हलगीसारखं ताठ. ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला, रिक्षा काढली. त्यांनी दवाखाना उघडला, तांबूचा ओठ वर उचलून हिरडी बघितली. एरवी गुलाबी असायची, ती पांढरीफटक पडली होती. पोटावर बोटानं टिचकी मारली तसा पोकळ आवाज आला. सुई घालून त्यांनी थोडी हवा काढली, तेव्हा तांबूनं एक मोठा श्वास सोडला आणि आम्हाला वाटलं, सुटला. ऑपरेशनची तयारी चालू असतानाच तो गेला. हनुवटी माझ्या तळहातावर होती.

जठरात हवा भरते आणि जठर स्वतःभोवती पीळ खातं. वरचं तोंडही बंद, खालचंही. फुगलेलं जठर मोठ्या शिरांवर दाबतं, हृदयाकडं रक्त परत येत नाही आणि काही तासांत सगळं संपतं. ज्यांची छाती खोल आणि अरुंद असते अशा मोठ्या कुत्र्यांना हा धोका जास्त, ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, आणि त्याच बांध्याचे आपले कारवानीही. वयाबरोबर धोका वाढतो. अस्वस्थ फेऱ्या, कोरडे उमाळे, फुगलेलं कडक पोट, फिकट हिरड्या, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. ऑपरेशन हाच इलाज आहे आणि त्यात मिनिटं मोजावी लागतात. कधीकधी सगळं वेळेत करूनही जनावर वाचत नाही.

सासूबाई रिक्षात बसेपर्यंत डॉक्टरांना एकच विचारत होत्या, संध्याकाळीच आणला असता तर? डॉक्टर रस्त्यावर येऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "काकी, संध्याकाळी आणला असता तर मी तपासून ठणठणीत आहे म्हणून परत पाठवला असता. संध्याकाळी काहीच झालेलं नव्हतं." त्या माणसाचे फार उपकार आहेत आमच्यावर. हे वाक्य त्यांनी सांगितलं नसतं तर सासूबाई अजून त्या संध्याकाळीच अडकून पडल्या असत्या.

उजाडायच्या आत वडणग्याला नेला. बांधावरच्या शेवग्याखाली आबा आणि नवऱ्यानं खड्डा घेतला. खाली मीठ पसरलं, आज्जींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला, वर पुन्हा मीठ, मग माती. सासूबाईंनी हळद-कुंकू वाहिलं. परत आलो तेव्हा आठ वाजले होते आणि समोर आख्खा दिवस पडला होता.

कुणालाच काही कळेना. सुतक नाही, त्यामुळं देवपूजा करायची. चूल पेटवायची. लेकीची शाळा होती. नवरा ऑफिसला गेला, कारण कुत्रा गेला म्हणून रजा मागायची तर अर्जावर काय लिहायचं? फळ्यावर नाव नाही, दारात चपला नाहीत. अशी दुःखं असतात, ज्यांना समाज दुःख म्हणून मोजत नाही, ज्यांच्यासाठी रजा नाही, विधी नाही, भेटायला येणं नाही. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकानं 1989 मध्ये यावर पुस्तक काढलं आणि पाळीव जनावराचा मृत्यू अशा दुःखांत धरला जातो. मला हे पुष्कळ नंतर वाचायला मिळालं. त्या दिवशी एवढंच दिसत होतं की घरातली पाच मोठी माणसं एकमेकांची नजर चुकवून पाच कोपऱ्यांत रडतायत.

लोक बोलायचे ते मायेनंच. "दुसरं आणा लगेच, घर भरतं." "बरं झालं, हाल झाले न्हाईत." काहींनी धर्मराजाची गोष्ट ऐकवली. द्रौपदी पडली, चारही भाऊ पडले, पण कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिरानं नकार दिला. गोष्ट मलाही आवडते. पण त्या वाटेवर सगळे पडतात आणि कुत्रं तेवढं शेवटपर्यंत पोचतं. आमच्यासारख्यांना ती गोष्ट कुठं धरायची ते कळत नाही.

दुपारी पलीकडच्या घरातले एक काका आले. ऐंशीच्या पुढचे, काकू जाऊन वर्ष होत आलेलं. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली आणि आबांना विचारलं, "रक्षाविसर्जन कवा हाय?"

आबा त्यांच्याकडं बघत राहिले. पुरलाय, हे आम्ही कुणीच बोललो नाही. आबा म्हणाले, "परवा. सकाळी नवाला."

आणि परवा सकाळी नवाला ते खरंच आले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. मग बाकीचे आले. कुणी कुणाला सांगितलं, माहीत नाही. आम्ही सगळे गच्चीवर गेलो. सासूबाईंनी पानावर त्याच्या आवडीचं वाढलं, दुधात कुस्करलेली भाकरी आणि पांढऱ्या रश्श्यातली नळी. कावळे समोरच्या पत्र्यावर येऊन बसले आणि शिवेनात. माणसाच्या वेळी अशा वेळी घरातलं कुणीतरी पुढं होऊन बोलतं, पोरीचं लग्न लावून देतो, कर्ज फेडतो, काळजी करू नको. आबा पुढं झाले आणि त्यांना शब्द सुचेना. तेव्हा आज्जी मागून म्हणाल्या, "त्या लंगडीला मी भाकरी घालतो रोज. तू जा."

लंगडी म्हणजे गल्लीतली म्हातारी कुत्री. तांबू आपल्या ताटातलं अर्धं तिच्यासाठी ठेवायचा, हे आज्जींना ठाऊक होतं आणि घरात दुसऱ्या कुणालाही नव्हतं. कावळा शिवला. मी यावर वाद घालणार नाही. कावळ्याला भूक लागली असेल. पण आबांचे खांदे खाली आले ते मी पाहिलं, आणि त्या रात्रीनंतर ते पहिल्यांदा झोपले.

नंतर चहा झाला आणि लोक बोलायला लागले. मला हेच लिहायचं होतं, एवढा वेळ त्याच्याभोवतीच फिरत होते.

आबा रोज सकाळी किटली घेऊन गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जातात. तिथं म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून देतात. तांबू त्यांच्याबरोबर असायचा. दूधवाला सांगत होता की त्याची एक म्हैस फार द्वाड, परक्याला कासेला हात लावू देत नाही, पण तांबू समोर बसला की शांत उभी राहायची. म्हणून तो आबा येईपर्यंत तिची धार काढायचाच नाही. आबांना वाटायचं, दूध ताजं मिळावं म्हणून आपल्यासाठी थांबतो. फेसाचा पहिला ओंजळभर तांबूचा. "दोन दिवस तिनं दूध चोरलंय," तो म्हणाला आणि त्यानं मान फिरवली.

नर्सिंगला असलेली एक मुलगी आली होती, दोन घरं सोडून राहणारी. तिची सकाळची ड्यूटी असली की अंधारात निघावं लागतं. तांबू तिला केएमटीच्या स्टॉपपर्यंत सोडायला जायचा, बस आली, ती चढली की परत फिरायचा. हे किती दिवस चाललं होतं कोण जाणे. आम्ही समजायचो, पहाटे गल्लीत चक्कर मारून येतो. तालमीतला एक पोरगा म्हणाला, जोर मारताना तो आखाड्याच्या दारात बसायचा, वस्ताद त्याला हाकलायचे नाहीत. आणि ते काका. काकू गेल्यापासून दुपारी चार वाजता तांबू त्यांच्याकडं जायचा. चहात बुडवलेलं बटर अर्धं त्याला, अर्धं यांना. "तुमची सून ऑफिसातनं येईस्तोवर बसायचा," माझ्याकडं हात करून ते म्हणाले. "मग उठायचा. तुमचा पायरव त्याला कोपऱ्यावरनंच कळायचा." मी दार उघडायचे तेव्हा तांबू उंबऱ्यात असायचा. दिवसभर तिथंच बसून असतो, असं मी सात वर्षं धरून चालले होते.

मला वाटत होतं की आमच्या घरातलं कुणीतरी गेलं. त्या सकाळी कळलं की तो या पेठेतल्या कितीतरी घरांत होता, आणि प्रत्येक घराला वाटत होतं की तो त्यांच्याकडं एकट्यांकडंच येतो. निरोप न घेता गेला म्हणून मी कुढत होते. या माणसांनी एकेक करून त्याचं जे आणून दिलं, ते त्याच्याबरोबर आणखी कितीही वर्षं राहूनही मला कधी मिळालं नसतं. माणूस गेल्यावर आपण त्याच्या चांगुलपणाचं ठरलेलं बोलतो. तांबूसाठी ठरलेलं बोलणंच नव्हतं, त्यामुळं लोक खरं ते बोलले.

लेकीचं दुःख निराळ्याच वाटेनं चाललं होतं. शाळेच्या सहलीत तिनं न्यू पॅलेसचं संग्रहालय बघितलं होतं, तिथं पेंढा भरून ठेवलेले वाघ आहेत. एका रात्री जेवताना तिनं विचारलं, "आबा, तांबूला तसं ठेवायचं का? जिन्याखाली?" सगळ्यांचे घास थांबले. आबांनी तिला उत्तर दिलं, मोठ्या माणसाला द्यावं तसं. "ठेवता आलं असतं. पण हाक मारल्यावर आला नसता." ती विचार करत राहिली आणि म्हणाली, "मग नको. शेवग्याखालीच बरा हाय."

तिला सांगायला म्हणून मी वाचत गेले. काश्मीरमध्ये श्रीनगरजवळ बुर्झहोम इथं नवाश्मयुगातल्या माणसांच्या थडग्यांत कुत्र्यांचे सांगाडे मिळालेत. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेलला 1914 मध्ये एक थडगं सापडलं, जवळजवळ 14,000 वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक बाई आणि कुत्र्याचं पिल्लू, मरताना सातेक महिन्यांचं. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून अभ्यासकांनी ताडलं की त्याला डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा एक जीवघेणा साथीचा आजार, झाला होता, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा, आणि कुणी खाऊ-पिऊ घालून शेक दिल्याशिवाय ते इतके दिवस जगलंच नसतं. आजारी पिल्लू ना शिकारीच्या कामाचं, ना राखणीच्या. तरी कुणीतरी रात्री जागून काढल्या. मी हे लेकीला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "त्याचं नाव काय होतं?" नाव असणारच, मी म्हटलं. नावाशिवाय कोण असं जागतं?

अजून एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या बाहेरच्या दाराला कुलूपच नव्हतं. कडी गंजून जाम झाली होती, कारण ती लावायची गरजच पडत नसे. तांबू गेल्यानंतर पहिल्याच रात्री नवरा कडीशी झगडत होता, तेल सोडलं, हातोडीनं ठोकली, तरी सरकेना. शेवटी दाराला आतून पाटा लावला. पुढच्या रविवारी सुतार आला आणि नवी कडी बसवली. तिचा खटकन आवाज होतो. आज्जींना तो आवडत नाही. त्या झोपायच्या आधी म्हणतात, "मी डोळं मिटतो, मग लाव." त्यांचे डोळे मिटलेले असतानाच आम्ही लावतो.

आता खोडवा मोडेल आणि धनगरमामा मेंढरं घेऊन वडणग्याच्या रानात येतील. दरवर्षी ते एक दिवस पेठेत येतात, तांबूसाठी. तो त्यांना ओळखायचा. त्यांच्या घोंगड्याचा वास आला की जमिनीला पोट लावून सरपटत जायचा, पिल्लू असल्यासारखा. त्यांना अजून कळवलेलं नाही. नवरा म्हणतो, फोन करून सांगू, नाहीतर त्या माणसाला रानात शेवग्याखालची माती बघूनच कळेल. आबा म्हणतात, फोनवर नाही, मी स्वतः जाऊन सांगतो, ज्यानं हातात दिला त्याला समोर बसून सांगायला पाहिजे. मामा दुसरं पिल्लू देतो म्हणतील, हे सगळ्यांना माहीत आहे. सासूबाईंना नको आहे. लेकीला हवं आहे, पण तांबूच्या जागी नाही, वेगळं. आज्जी म्हणतात, "आधी लंगडीला ईचारा." आणि मी त्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून आबांबरोबर वडणग्याला जायचं ठरवलं आहे.